सातूचं पाणी

मला बिअर कधीच आवडली नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की म्हाताऱ्याला जुन्या घोटांची ओढ लागली आहे. आठवण येते हे खरं, पण ती घशाशी आलेलं परत गिळताना यावी तशी येते. परक्या सहा देशांतली आणि सातवी आपल्याकडची, एवढी बिअर मी प्यालो. गार प्यालो, कोमट प्यालो, फेसाची आणि बिनफेसाची प्यालो. त्यातला एकही ग्लास मी मनानं मागवला नाही, आणि एकही अर्धा टाकून उठलो नाही.

हे लिहितो आहे ते माझ्या धाकट्या भावासाठी. त्यानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही. आमच्या गावात, माकणीत, मात्र गेली अठ्ठावीस वर्षं तो दारुडा म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख त्याला माझ्यामुळं मिळाली.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले, पोट फुगलं. त्याच्या मुलानं त्याला धाराशिवला एका खाजगी दवाखान्यात आणलं. नोकरी संपल्यापासून मी धाराशिवलाच राहतो, म्हणून मीही गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं आणि कागदावर लिहिता लिहिता मुलाला विचारलं, "किती वर्षं पितात?"

मुलगा म्हणाला, "लई वर्षं झाली. मी लहान होतो तवापासनं."

भाऊ खाटेवर बसून होता. त्यानं मान वर केली नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प राहिलो. सवयीनं राहिलो, दुसरं काही कारण नव्हतं.

बाहेर आल्यावर पुतण्यानं मला सांगितलं की डॉक्टर पुढच्या तपासण्यांना सोलापूरला न्या म्हणतात, पण तो काही नेणार नाही. "पिऊन घालवलेलं लिव्हर सोलापूरला नेऊन काय करायचं, मोठे काका? तिथं काय नवीन बसवून देणारेत व्हय?" तो चिडून बोलत नव्हता. शेतात पीक गेल्यावर माणूस बोलतो तसा बोलत होता.

तेव्हा मी म्हणालो की तो पीत नाही, कधीच पीत नव्हता. पुतण्या हसला. म्हणाला, तुम्ही वर्षाला आठ दिवस यायचा, तुम्हाला काय माहीत. मी शपथ घ्यायला लागलो तर म्हणाला, भाऊ आहे म्हणून झाकताय.

मग मी त्याला हाताला धरून आत नेलं आणि भावाला सांगितलं, "बिअर कशी लागते ते याला सांग."

भावानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "गोड असती का काय." मग थांबून म्हणाला, "न्हाय. आप्पा तोंड वाकडं करायचे. म्हंजी कडू असंल."

पुतण्याला काही कळेना. त्याचा आज्जा, आमचे आप्पा, गळ्यात लिंग असलेला माणूस. पूजेशिवाय पाणी न पिणारा. त्यांचं तोंड बिअरनं वाकडं का व्हावं? तो कधी माझ्याकडं बघे, कधी बापाकडं.

"तू सांग, अण्णा," भाऊ म्हणाला. "नुसतं सांगू नको, लिव्हून दे. कुठं कुठं प्यालास, कशी लागली, समदं लिव्ह. न्हायतर लोक म्हणतील, भावानं भावाला पाठीशी घातलं. प्यालेल्या माणसाला चव सांगता येती. मला येत न्हाय, एवढाच माझा पुरावा हाय."

म्हणून ही चव सांगतो. यात बढाई काही नाही. साक्ष देताना माणूस घाणीचंही वर्णन करतो, तसं हे आहे.

मी पुण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. आम्ही स्टीलच्या मोठाल्या टाक्या बनवायचो. सुरुवातीला दुधाच्या डेअऱ्यांसाठी, पुढं परदेशी बिअर कारखान्यांसाठी. टाक्या जहाजानं जायच्या आणि त्या उभ्या करायला, जोडायला, चालू करून द्यायला आमच्यातला एकेक माणूस जायचा. हात चांगला म्हणून मला पाठवायला लागले. पण तिथं गेल्यावर कळलं की हाताइतकीच जीभही लागते. नव्या टाकीतून पहिला घाणा निघाला की तो उभारणी करणाऱ्यानं प्यायचा. जोड तेजाबानं नीट धुतले नसतील तर बिअरला नाणं चोखल्यासारखी चव येते. धुण्याचा सोडा राहिला असेल तर साबणाची येते. कुठं हवा शिरली असेल तर ओल्या पुठ्ठ्याची येते. या तिन्ही चवी माझ्या जिभेला इतरांच्या आधी कळायच्या. पिढ्यान् पिढ्या दारू न शिवलेली जीभ ती. कोरी पाटी. साहेब म्हणायचे, याला देवानं दिली आहे. देवानं दिली हे खरं होतं, पण दुसऱ्या कामासाठी दिली असणार.

पहिला देश जर्मनी. कारखान्याच्या फाटकापासूनच वास यायचा. आपल्याकडं पेंड भिजवून टोपलं विसरून जावं आणि चौथ्या दिवशी झाकण उघडावं, तसा. उकळलेल्या धान्याचा चोथा ट्रॉलीनं बाहेर काढायचे आणि तो गुरांनाच जायचा. गुरं सुखी असतील. पहिला घाणा उंच ग्लासात दिला. ओतणाऱ्यानं तो एकदम भरला नाही. थोडा ओतला, फेस बसेपर्यंत थांबला, पुन्हा ओतला. सहा-सात मिनिटं माझ्यासमोर हे चाललं होतं आणि सगळे मूर्तीला अभिषेक चालावा तसे शांत उभे होते. विहिरीच्या पाण्याइतकी गार. वर तीन बोटं फेस. काढ्यात भिजवलेला पाव चावल्यासारखं लागलं. मी डोळे मिटले, गिळलं, आणि म्हणालो की तिसऱ्या टाकीच्या खालच्या जोडात लोखंड आहे. होतं. त्यांनी पाठीवर थाप मारून दुसरा ग्लास दिला.

त्या रात्री आप्पांना पत्र लिहायला बसलो. कशाचा कारखाना, हे लिहायचं कसं? बिअर ज्या धान्याची होते ते जव, आणि जवाला आपल्याकडं सातू म्हणतात. मी लिहिलं, "सातूच्या कारखान्यात काम आहे." एकही अक्षर खोटं नव्हतं. पण माकणीत सातू म्हटलं की जव कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. गहू आणि डाळं भाजून दळलेलं पीठ येतं. गूळ-दूध घालून लेकराला, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात ते. मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो शब्द निवडला. आप्पांनी पत्र महादेवाच्या देवळात वाचून दाखवलं. माझा थोरला जर्मनीतल्या लेकरांना सातू करून घालतो, असं त्यांनी गावाला सांगितलं. तिथली माणसं उंच का होतात, याचं कारणही गावाला त्या दिवशी सापडलं.

पुढं मी जिथं जिथं गेलो, तिथं तिथं सातूचाच कारखाना होता.

इंग्लंडमध्ये ती गार करतच नाहीत. तळघरात ठेवतात, रांजणातल्या पाण्याइतकी, आणि हापसा मारावा तशी दांडा ओढून वर काढतात. ग्लास काठोकाठ भरतात. वर फेस राहिला तर गिऱ्हाईक भांडतं, की फेसाची जागा बिअरची होती. दुपारचा चहा कपात राहावा, संध्याकाळी कुणीतरी त्यात माचिसची काडी विझवावी आणि तो आपण प्यावा, तसं लागलं. तिथल्या फोरमनला मी तोंडदेखलं 'छान' म्हणालो. तो खुश झाला आणि महिनाभर रोज घेऊन गेला.

बेल्जियमची गोष्ट निराळी. तिथं प्रत्येक बिअरला तिचा तिचा ग्लास. एक पोटाळ, एक घंटेसारखा, एक तर लाकडी अडणीत उभा केलेला. ज्या बिअरचा ग्लास धुवायला गेलाय ती बिअर देत नाहीत, थांबा म्हणतात. वर आलेला फेस चाकूनं सपकन कापतात, भरल्या मापावरून हात फिरवावा तसा. एवढा मानपान मी माणसांचा होताना फार पाहिला नाही. तिथंच मला त्यांनी एक आंबट बिअर पाजली. ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात आणि हवेतून काय पडेल ते पडू देतात. त्या खोलीतली कोळ्यांची जाळीसुद्धा झाडत नाहीत, चव बिघडते म्हणतात. मला ओल्या खोगिराचा वास आला आणि मागून नासलेलं ताक. मी दाराबाहेर जाऊन ओकलो. तोंड पुसून आत आलो आणि उरलेला ग्लास संपवला, कारण यजमान बघत होता. आज लिहितानाही तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीआधी सुटतं तसलं.

चेक लोकांकडं फेसच जास्त आणि तो मलईसारखा. ते त्याची चव घेतात. मला दाढीचा साबण आठवायचा. केनियात वाढपी आधी विचारतो, थंड की गरम. गरम म्हणजे तापवलेली नव्हे, खोलीत ठेवलेली. म्हातारी माणसं तीच मागतात, थंडीनं छाती धरते म्हणतात. उन्हात उभ्या एसटीच्या खिडकीत राहिलेली पाण्याची बाटली आठवा, आणि त्या पाण्याला कडवट घाम आला आहे असं समजा.

सगळ्यांत सोसवली ती जपानची. तिथं ग्लासच बर्फात ठेवतात. हाताला चिकटतो. दहातले सात भाग बिअर, तीन भाग फेस, मोजून. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्यानं भरायचा, आणि शेजाऱ्याचा आपण. त्यामुळं ग्लास रिकामा होतच नाही. पण ती इतकी गार की जीभ बधिर होते आणि काहीच कळत नाही. मी सुखानं पीत होतो. तिथला म्हातारा कारागीर माझ्याकडं बघून दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाष्यानं सांगितलं, "गारठ्यात दोष लपतो. तुम्ही दोष शोधायला आला आहात, तर कोमट होऊ द्या."

मग मी ती कोमट होऊ दिली. तासाभरानं तिच्यात जे होतं ते सगळं वर आलं. शिळ्या कण्या, सोडा, लोखंड.

त्या म्हाताऱ्याचं वाक्य मला पुढं फार लागलं. कारण जगातली सर्वांत घाणेरडी बिअर मी कुठं पाहिली, असं कुणी विचारलं तर मी माकणीचं नाव घेईन. ती कोमट होती, पूर्ण मेलेली होती, पितळी फुलपात्रात होती, आणि ती मी माझ्या हातानं आप्पांना दिली होती.

आप्पांना मुतखडा झाला. तुळजापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पाणी भरपूर प्या, सातूचं पाणी प्या. डॉक्टर म्हणत होते ते जव उकळून गाळलेलं पाणी. तुळजापुरात कुठल्याही किराणा दुकानात मूठभर जव मिळाले असते. पण आप्पांचा थोरला सातूच्या कारखान्यात होता. त्यांनी फोन करायला लावला. "दुकानातलं कशाला? तुझ्या कारखान्यातलं आण. फारेनचं."

मी तेव्हा दुसऱ्या खेपेला जर्मनीत होतो आणि तिथून निघत होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते न सांगता मी पेटीत सहा बाटल्या घातल्या. मनाशी म्हटलं, खड्याला बिअर चांगली असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. आमच्या कारखान्यात कँटीनमध्ये हेच बोलायचे. म्हणजे औषधच आहे. माणसाला स्वतःशी बोलताना किती चटकन पटतं.

घरी मी बाटल्या माडीवर लपवल्या. एक दिवसाआड पहाटे उठून एक उघडायची, तांब्यात ओतायची, या तांब्यातून त्या तांब्यात उंचावरून ओतत राहायचं. गॅस जाईपर्यंत. फेस दिसला तर आप्पा विचारतील म्हणून. जर्मनीत ज्या फेसासाठी माणसं सहा मिनिटं थांबतात, तो मी माडीवर बसून मारत होतो. वासासाठी थोडी वेलची. आप्पा अंघोळ करून यायचे, तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचे, भस्म लावायचे, आणि मग पहिलं काही पोटात जायचं ते हे.

पहिल्या दिवशी त्यांनी घोट घेतला आणि तोंड आवळलं. "कडू हाय रं."

मी म्हणालो, "औषध कडूच असतंय, आप्पा."

"मग त्या लेकरांना गोड कसं लागतंय?" असं ते हसून म्हणाले आणि नाक दाबून प्याले.

अकराव्या दिवशी खडा पडला. नंतर एका डॉक्टरनं मला सांगितलं की एवढा बारीक खडा साध्या पाण्यानंही पडला असता. पण तेव्हा गावात बोलबाला झाला. आप्पांनी खडा कागदाच्या पुडीत ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत. पुन्हा होऊ नये म्हणून आठवड्यातून दोनदा सातूचं पाणी प्यायचं, असं त्यांनीच ठरवलं.

मला तर परत जायचं होतं. मग मी भावाला माडीवर नेऊन खरं सांगितलं. त्यानं बाटलीचा वास घेतला आणि ती लांब सरकवली. तो म्हणाला, आप्पांना सांगून टाकू. मी म्हणालो, पूजा करून दारू प्यालो हे त्यांना कळलं तर ते अन्न सोडतील. हे खरं होतं, आणि म्हणूनच मी ते सोयीचं म्हणून वापरलं. मी त्याला शिकवलं की तुळजापूरच्या अलीकडं सोलापूर रस्त्याला एक परमिट रूम आहे, तिथून आणायची. थंड देतील, नको म्हणायचं. तिथं सगळे 'चिल्ड' मागतात, फ्रीजरमधली, बर्फाचे खडे लागलेली. फेस बसवायला मीठ टाकतात, वर खारे शेंगदाणे खातात. स्ट्राँग घेऊ नको, साधी घे. मी शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसं त्याच्याकडून म्हणून घेतलं. तो पिशवीत वर कोथिंबीर घालून बाटल्या आणायचा. दोन वर्षं त्यानं हे केलं. एकदाही चाखली नाही. मी विचारलं होतं, चाखलीस का, तर म्हणाला, "गोमूत्र देताना वैद्य चाखतो का?"

मग त्याला परमिट रूममधून निघताना गावातल्या एकानं पाहिलं. पालखीचा एक खांदेकरी.

आमच्या गावात श्रावणात महादेवाची पालखी निघते आणि तिचा पुढचा उजवा खांदा आमच्या घरचा. आप्पांचा खांदा थकल्यावर तो धाकट्याकडं आला होता, कारण मी नेहमी बाहेर. त्या श्रावणात मी नेमका घरी होतो. पालखीच्या आदल्या दिवशी देवळात चार माणसं बसली असताना त्या खांदेकऱ्यानं सांगितलं. आप्पांनी धाकट्याला बोलावून घेतलं. तू तिथं गेला होतास का? तो हो म्हणाला. बाटल्या घेतल्यास का? हो. कुणासाठी?

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी खांबाला टेकून बसलो होतो. एवढं मला कालच्यासारखं दिसतं, की त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो पायानं तो सारखा करत होता. त्यानं 'आप्पा, तुमच्यासाठी' म्हणायला हवं होतं. किंवा मी 'माझ्यामुळं' म्हणायला हवं होतं.

तो म्हणाला, "माझ्यासाठीच."

आणि मी काय बोललो? आजवर ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "आप्पा, लहान आहे, मी समजावतो त्याला."

समजावतो म्हणालो. माझ्या तोंडाला तेव्हा सात देशांचा वास असेल.

दुसऱ्या दिवशी पुढचा खांदा मी दिला. नंतरही दरवर्षी रजा घालून मीच दिला. आप्पांनी धाकट्याच्या हातचं पाणी घेणं सोडलं. सातूचं पाणीही बंद केलं, कारण ते तोच आणून देत होता आणि त्याचे हात त्यांना बाटलेले वाटत होते. काय बाटलं होतं आणि कुणाच्या हातून, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं तीन वर्षांनी ते झोपेतच गेले. खड्याची पुडी त्यांच्या उशाखाली होती.

एवढं मी दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवसांत लिहून काढलं. पुतण्यानं तोवर बापाला सोलापूरला नेलं होतं. मी लिहून देतो असं म्हणालो, तेवढ्यावर नेलं. तिथं रक्तात जुनी कावीळ निघाली. कधीतरी अंगात शिरलेली, वर्षानुवर्षं आत काम करत बसलेली. रोजची एक गोळी सुरू झाली. सूज थोडी उतरली आहे. पुढचं डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. चार वर्षं आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले. चार वर्षांपूर्वी त्याची भूक गेली होती तेव्हा घरचे काय म्हणाले असतील, ते मला कुणी सांगायची गरज नाही. पिणाऱ्याला भूक कुठली.

कागद घेऊन मी माकणीला गेलो. भूकंपानंतर बांधलेलं तेच घर. भाऊ पडवीत पलंगावर होता, भावजय जोत्यावर शेंगा फोडत होती. पुतण्यानं मोठ्यानं वाचलं. बेल्जियमपाशी भाऊ मला म्हणाला, "एवढी घाण वाटत व्हती तर प्यालास कशाला?"

मी म्हणालो, "नोकरी होती."

"ओकून परत आत गेलास, त्याचं म्हनतो मी."

मी पुतण्याला पुढं वाच म्हणून खूण केली. पुतण्या पुढं वाचत गेला. देवळातला भाग त्यानं सावकाश वाचला आणि शेवटची दोन पानं त्यानं मनातच वाचली. मग भावानंच विषय काढला की परमिट रूमच्या दारात त्याला ज्यानं पाहिलं, तो खांदेकरी तिथं कशाला आला होता, हे अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलं नाही. "भजनाला आला असंल," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि त्याला खोकला आला.

भावजय शेंगा फोडायची थांबली होती. ती माझ्याकडं न बघता बोलली. "मी रोज ह्यांच्या तोंडाचा वास घेत व्हते, भावजी. झोपल्यावर. एक दिवस बी वास आला न्हाय. तरी म्या माझ्या नाकावर इश्वास ठिवला न्हाय, गावावर ठिवला."

मी म्हणालो की हे कागद मी श्रावणात देवळात वाचून दाखवतो. भाऊ नको म्हणाला. त्याचं म्हणणं, पोरानं वाचलं, बायकोनं ऐकलं, बास झालं. गावात वाचलं तर आप्पांचं नाव निघेल. लिंगपूजा करून दारू पीत होता म्हणून गेलेल्या माणसाला हसतील. ज्या कारणासाठी तो तेव्हा गप्प बसला, ते कारण त्याच्यापुरतं अजून संपलेलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. कागदांची घडी घालायला मी हात पुढं केलाही.

भावजयीनं ते कागद उचलून मांडीवर ठेवले. "आप्पा सातूचं पाणी प्याले," ती म्हणाली. "दारू त्यास्नी ठाव बी नव्हती. पाप पिणाऱ्याचं न्हाय, पाजणाऱ्याचं. वाचा तुमी देवळात, भावजी. आन् मोठ्यानं वाचा."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी वाचलं. दाट गर्दी होती असं नाही, पण जी माणसं हवी होती ती होती. कुणी हसलं नाही. देश आले तिथं तरुण पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, एवढंच. तो खांदेकरी आता पंचाऐंशीचा आहे. त्यानं मधेच ऐकू येत नाही अशी खूण केली, मग मी ते पान पुन्हा वाचलं. पालखी उचलायची वेळ झाली तेव्हा पुजाऱ्यानं भावाला पुढं बोलावलं. त्याच्यात पालखी पेलायची ताकद नव्हती. त्यानं पुढच्या उजव्या दांडीवर नुसता हात ठेवला आणि भार त्याच्या मुलानं घेतला. मी मागं, चपला काढल्या होत्या त्या बाजूनं चाललो. तिथं मला कुणी जागा दिली नाही आणि मी मागितली नाही.

परत घरी आल्यावर भावजयीनं मला पाणी दिलं. पितळी फुलपात्रात. आप्पा ज्यातून औषध प्यायचे तेच होतं, काठाला पोचा आलेलं. ती ते मुद्दाम निवडून आणणारी बाई नाही. हाताला आलं ते आणलं.

मी ते तोंडाशी नेलं आणि आधी वास घेतला. मग प्यालो. ती उभी राहून बघत होती.